मुठीत मावेल एवढं जनावर

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी बाजारात कुंभार जे मातीचे बैल मांडून बसतो, त्यांना बऱ्याचदा धड डोळेही नसतात. असलेच तर काडीने टोचलेली दोन भोकं. खूर नाही, नाकपुडी नाही, पायाला सांधा नाही. तरी नुकतं बोलायला लागलेलं पोरही त्याला बैलच म्हणतं, म्हैस म्हणत नाही. कारण कुंभाराने वशिंड नेमक्या जागी चिमटून वर काढलेलं असतं, गळ्याखालची पोळी अंगठ्याने एकदाच खाली ओढलेली असते आणि शिंगांना बाक दिलेला असतो. एवढ्याच ऐवजावर जनावर उभं राहतं. पॉलिमर क्लेचे छोटे प्राणी करायला शिकवणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात मला त्या बैलापासून करावीशी वाटली, कारण पुढच्या पानांत जे सांगितलं आहे त्याचा गाभा तिथेच आहे. प्राणी ओळखू येतो तो त्याच्या बाहेरच्या रेषेवरून आणि बसण्या-उठण्याच्या ढबीवरून. डोळे, मिशा, केस ही मागाहूनची कामं.

शिकणारे मात्र नेमकं उलटीकडून सुरू करतात. मातीचा गोळा हाती पडला की आधी त्याला दोन डोळे चिकटवायचे, मग नाक, मग हसरं तोंड. आता हे सगळं सांभाळत धड करायचं म्हटलं की धडाला हातच लावता येत नाही. मान वळवली तर डोळा चेपतो, पाठ दाबली तर कान निघतो. शेवटी जे तयार होतं ते गोड असतं, पण ते मांजर आहे की अस्वल हे शेपटीवरूनच ठरवावं लागतं. बाजारात आणि मोबाइलच्या पडद्यावर अशा गोड चेहऱ्यांचा सुकाळ आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण हे पुस्तक त्यांच्यासाठी नाही.

हातात मावणारं जनावर करण्याची माणसाची हौस फार जुनी आहे, भांड्यांपेक्षाही जुनी. मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, डोल्नी व्हेस्तोनित्से इथे हिमयुगातल्या शिकाऱ्यांच्या वस्तीत भाजलेल्या मातीच्या ज्या वस्तू मिळाल्या, त्या 25,000 वर्षांहून जुन्या आहेत. 1925 साली सापडलेली तिथली स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तिच्या आसपास अस्वल, सिंह, मॅमथ, घोडा, कोल्हा यांच्या लहान लहान मूर्ती आणि त्यांचे तुकडे ढिगाने निघाले. वाडगा किंवा मडकं करायला माणसाला अजून हजारो वर्षं लागायची होती. भट्टी आधी पेटली ती अस्वलासाठी. त्या स्त्रीमूर्तीच्या अंगावर एका मुलाच्या बोटाचा ठसा भाजला गेला आहे, आणि अभ्यासकांच्या अंदाजाने ते मूल सात ते पंधरा वर्षांचं असावं. अंगावर राहिलेल्या ठशांची तक्रार पॉलिमर क्ले हाताळणारा प्रत्येक जण करतो, त्यामुळे ही नोंद वाचून मला बरं वाटलं होतं.

आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 साली मिळालेला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ हे ब्राँझचे आहेत आणि मुठीत मावणारे मुळीच नाहीत. चौघांचं वजन मिळून 60 किलोहून अधिक भरतं. तरी छोटं काम करणाऱ्याने त्यांची छायाचित्रं समोर ठेवावीत. त्या कारागिराने आधी जनावराचं वजन पकडलं आहे, तपशील बेतानेच घातले आहेत.

आता साहित्याकडे. पॉलिमर क्ले हे मुळात प्लास्टिक आहे. पीव्हीसीचे, म्हणजे आपल्या पाण्याच्या पाइपातल्या प्लास्टिकचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, थोडी भुकटी आणि रंग, एवढाच तिचा संसार. पाणी नाही. त्यामुळे ती हवेत वाळत नाही, वाळताना तडकत नाही आणि आकसतही नाही म्हटलं तरी चालेल. ओव्हनमध्ये तापली की ते तेलकट द्रव्य कणांच्या आत शिरतं, कण फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर सगळा मिळून एक सलग तुकडा होतो. कुंभाराच्या भट्टीत मातीचं जे होतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही. पण हाताला ती मातीच वाटते, दुकानदारही माती म्हणूनच देतो आणि या पुस्तकात मीही तिला मातीच म्हटलं आहे.

तिचा जन्म बाहुल्यांच्या घरचा. केटे क्रूझे ही जर्मनीतली नावाजलेली बाहुल्या बनवणारी बाई. युद्धाच्या तोंडावर, 1939 च्या सुमाराला, बाहुल्यांची डोकी करण्यासाठी नवं काही मिळतं का हे ती शोधत होती आणि तिच्याकडे एका कृत्रिम द्रव्याचा नमुना आला. कारखान्यातल्या कामाला तो उपयोगी पडला नाही. तिची मुलगी सोफी, जिला घरात फिफी म्हणत, ती त्या गोळ्याशी खेळत राहिली, त्यात सुधारणा करत राहिली आणि पुढे तिने तो स्वतःच विकायला काढला. 1964 साली एबरहार्ड फाबर या पेन्सिलींच्या कंपनीने तिच्याकडून ते सूत्र घेतलं आणि 1966 पासून ते 'फिमो' या नावाने बाजारात आलं. अमेरिकेतल्या 'स्कल्पी'ची कूळकथा याहून रुक्ष आहे: विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी केलेलं ते मिश्रण होतं. त्या कामात ते नापास झालं आणि मूर्ती करणाऱ्यांच्या हाती लागलं.

या मातीचा खरा गुण म्हणजे ती तुम्हाला वेळ देते. शाडू किंवा एअर-ड्राय क्ले हातातच सुकायला लागते, ओलं फडकं झाकत राहावं लागतं. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी दोन भागांची एपॉक्सी माती एकदा मिसळली की घड्याळ लावूनच बसायचं. पॉलिमर क्ले मात्र आज अर्धवट सोडून आठवड्याने हातात घेतली तरी तशीच असते. धूळ बसू नये म्हणून वर एक वाटी पालथी घातली की झालं. ही सवड मिळते म्हणून आधी नुसती ढब करून ठेवा, दोन दिवस येता-जाता तिच्याकडे बघा, मान थोडी खाली हवी होती का ते ठरवा. या सवडीचा दुरुपयोगही तितकाच सोपा आहे. माती वाळतच नाही म्हटल्यावर माणूस थांबत नाही. आणखी एक केस, आणखी एक सुरकुती, पुन्हा एकदा नाक. जनावर चांगलं उभं राहिल्यावर बिघडतं ते याच टप्प्यावर, आणि काम करणाऱ्याचा हात जितका सराईत तितका हा मोह मोठा.

ढब म्हणजे काय हे एका उदाहरणाने सांगतो. पुस्तकाच्या मध्यावर शेकरू आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून त्याचं चित्र शाळेच्या भिंतीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. भीमाशंकरच्या जंगलात मान मोडेस्तोवर वर बघणाऱ्यांपैकी काहींनी प्रत्यक्षही पाहिलेला असतो. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो जवळजवळ मीटरभर भरतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा शेपटीचा. पाठ तांबूस-तपकिरी, पोट आणि पुढचे पाय फिकट सायीच्या रंगाचे, भीमाशंकरकडच्या शेकरूच्या शेपटीचं टोकही फिकट. शिकणारा आधी मोठी खार करतो आणि तिला लांब शेपूट जोडतो. ते शेकरू दिसत नाही. का, तर शेकरू खाताना फांदीवर मागच्या पायांनी घट्ट बसतो, अंग फांदीच्या एका बाजूला झुकवतो आणि दुसऱ्या बाजूला शेपूट सरळ खाली सोडतो. शेपूट तिथे तोलासाठी असते. अंगणातली खार शेपूट पाठीवर उभारून बसते, शेकरू ती लोंबती सोडतो, आणि हा एक फरक तुमच्या हातून झाला की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

म्हणून शेकरू करताना पहिली वस्तू करायची ती फांदी. तिच्यात तार घालायची, खाली जड तळ द्यायचा. तळात एखादा लोखंडी नट किंवा गुळगुळीत दगड पुरला तर उत्तम, नाहीतर शेपटीच्या वजनाने सगळं मागे कलंडतं. शेपटीलाही आतून तार हवी आणि ती तार धडातून पुढे खांद्यापर्यंत गेलेली हवी. नुसती बुडाशी खोचलेली शेपूट पहिल्यांदा पुसताना हातात येते. धडाच्या आत चांदीचा कागद चुरगळून, लाटण्याने दाबून घट्ट केलेला गोळा ठेवायचा. त्याने माती कमी लागते, वजन उतरतं आणि मुख्य म्हणजे सगळीकडे मातीचा थर सारख्या जाडीचा राहतो, म्हणजे भाजतानाही उष्णता सारखी लागते. कागद सैल राहिला की आतली हवा तापून फुगते आणि पाठीवर तडा जातो. ओव्हनमधून बाहेर काढल्यावर लोक मातीला दोष देतात, पण दोष आतल्या पोकळीचा असतो.

रंगांचा क्रमही शेकरूच शिकवतो. फिकट माती आधी, गडद नंतर. तांबूस माती हाताळलेल्या बोटांनी सायीच्या रंगाला हात लावला की तो रंग कायमचा गेला. बेबी वाइप्सने हात पुसायचे, नखांच्या कडासुद्धा, आणि मगच पोटाची माती घ्यायची. पांढऱ्या मातीवर कपड्यांची कुसं तर कुठून येऊन बसतात कळत नाही. लोकरी स्वेटर घालून हे काम करू नये.

मळण्याबद्दल फार लिहीत नाही, तो धडा स्वतंत्र आहे. पाकिटातून काढलेली माती कणकेसारखी तिंबून घ्यायची, घडी घालून ओढली की कडेला तडे जाणार नाहीत इतकी. फार मऊ पडली तर साध्या कोऱ्या कागदात दाबून काही तास ठेवा, कागदावर तेलाचे डाग उमटतात आणि माती आवळते. मातीसाठी वापरलेलं पोळपाट-लाटणं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कच्ची माती काही जातींच्या प्लास्टिकच्या डब्यांना आणि टेबलाच्या पॉलिशला खाते, तेव्हा काम करायला गुळगुळीत टाइल घ्या. तीच टाइल पुढे जनावरासकट ओव्हनमध्ये जाते आणि उचलताना पाय वाकडे होण्याचा प्रश्नच राहत नाही.

पायांवरून आठवलं. चारही पाय ठोकळ्यांचे केले तरी बैल चालतो, हे कुंभाराने दाखवूनच दिलं आहे. पण पाय वाकवायचे ठरवलेत तर ते कुठे वाकतात हे माहीत हवं. मांजर किंवा बैल यांच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाला लागून, बराचसा कातडीत दडलेला असतो. मांजर बोटांवर चालतं, बैल तर बोटांच्या टोकाशी असलेल्या खुरांवर. एवढं ध्यानात आलं की बसलेल्या मांजराची मांडी आपोआप मोठी होते आणि पाऊल लांब. शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं लागत नाहीत. जिन्यावर झोपलेल्या मांजराजवळ पेन्सिल घेऊन बसणं पुरतं.

पहिला धडा मी मुद्दाम झोपलेल्या मांजराचा ठेवला आहे. तिथे माझे गुरू जपानी आहेत. किमोनोला खिसे नसत, म्हणून पट्ट्याला डबी किंवा पिशवी दोरीने लटकवत आणि ती दोरी निसटू नये म्हणून वर एक छोटं कोरीव बोंड लावत. त्याला नेत्सुके म्हणतात. हस्तिदंताचे, लाकडाचे हे उंदीर, वाघ, ससे हातात घेतले की कळतं, कुठेही काही बाहेर आलेलं नाही. शेपूट पोटाखाली, कान मानेला लागून, पाय दुमडलेले. कापडात अडकू नये आणि मोडू नये ही त्या वस्तूची गरज होती, आणि त्या गरजेतून आकृती बांधीव झाली. नवशिक्याने असंच काम करावं. गोलाकार, आवळलेलं जनावर मोडत नाही, सारखं भाजलं जातं आणि पाय उभे करण्याची कसरत पुढच्या धड्यावर टाकता येते.

डोळ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण ते मागे ठेवा असं सांगून मी तुमची गैरसोय केली आहे. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते आणि ती कारखान्यातला सर्वांत कसलेला हात करतो. छोट्या प्राण्याला रंगवलेल्या डोळ्यापेक्षा मणी बरा. त्यासाठी परदेशी साहित्य मागवू नका. मंगळसूत्रात ओवायचे बारीक काळे मणी पटवेकऱ्याकडे मापाप्रमाणे मिळतात. फक्त ते काचेचे आहेत याची खात्री करून घ्या, प्लास्टिकचे मणी ओव्हनमध्ये वितळतात. बोथट सुईने खोबण करायची, मणी टूथपिकच्या टोकावर धरून आत बसवायचा आणि त्याचं भोक पुढे न येता बाजूला जाईल असा फिरवायचा. मणी निम्म्याहून जास्त आत गेला पाहिजे. वर नुसता ठेवलेला मणी जनावराला दचकलेलं करतो. मग केसाएवढ्या बारीक मातीची वळी करून वरच्या कडेला पापणी घालायची. जनावराचा सारा भाव या पापणीत असतो: ती थोडी खाली आली की ते सुस्त होतं, बाहेरच्या टोकाला वर गेली की सावध. डोळे कुठे बसवायचे तेही जनावरावरच अवलंबून. ज्याला कुणीतरी खाणार आहे त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, जो दुसऱ्याला खातो त्याचे समोर. शेकरूचे डोळे माणसासारखे समोर आणले की तो टेडी बेअर होतो.

केसांचं काम थोडक्यात आटपा. सुईने नाकाकडून शेपटीकडे, केस ज्या दिशेने पडतात त्या दिशेने आखूड रेघा, आणि त्याही जिथे उजेड तुटतो तिथे: मानेवर, मांडीच्या कडेला, शेपटीवर. सगळं अंग खरवडून काढलं की प्राणी विंचरलेला दिसतो. छटा हव्या असतील तर मऊ खडूची पूड कोरड्या ब्रशने भाजण्याआधीच लावावी. कच्च्या मातीला ती छान धरते. बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने जातात, पण ते पूर्ण उडून गेल्याशिवाय ओव्हनकडे वळू नका, कारण ते पेट घेतं. आणि भाजून झाल्यावर चकाकी यावी म्हणून नेलपॉलिश लावायचा मोह आवरा. त्यातलं द्रावण मातीला मऊ करतं आणि काही दिवसांनी जनावर चिकट होऊन धूळ धरतं.

या कलेत खरी फसगत होते ती ओव्हनमध्ये, आणि त्यावर पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे. बहुतेक पॉलिमर क्ले 110 ते 135 अंश सेल्सिअसच्या दरम्यान भाजल्या जातात. पाकिटावरचा आकडा कंपनीप्रमाणे बदलतो आणि तोच प्रमाण मानायचा. फिमोला 110 अंशांना अर्धा तास सांगितलेला असतो, स्कल्पीच्या बऱ्याच प्रकारांना 135 अंश आणि दर 6 मिलिमीटर जाडीला 15 ते 30 मिनिटं. आपल्या घरातल्या छोट्या ओटीजीत हे साधणं सोपं नाही. बटणावर लिहिलेलं तापमान आणि आतलं तापमान यांची गाठ पडेलच असं नाही, रॉड जनावराच्या डोक्याला अगदी लागून असतो आणि कान, नाक, शेपटीचं टोक आधी करपतं. म्हणून ओव्हनच्या आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्यावा. या छंदातली ती सर्वांत शहाणी खरेदी आहे. ओव्हन आधी तापवून स्थिर होऊ द्यावा, जनावर मधल्या जाळीवर टाइलवर ठेवावं आणि वरून चांदीच्या कागदाचा तंबू करावा. कढईत मीठ किंवा वाळू तापवून नानकटाई होते, तशी ही मातीही भाजू असा विचार कुणाच्या मनात आलाच तर तो तिथेच सोडून द्या. तिथलं तापमान कुणाच्या ताब्यात नसतं. मायक्रोवेव्हच्या लहरींवर तर कधीच नाही. कन्व्हेक्शनची सोय असेल तर तेवढीच वापरा.

एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथेच काढून टाकतो. जनावराचा पाय कट्‌कन मोडला की लोक म्हणतात, जास्त भाजलं गेलं. बहुतेक वेळा ते कमी भाजलेलं असतं. कण एकमेकांत पुरते मिसळलेच नाहीत तर तुकडा वरून कडक वाटतो आणि आतून ठिसूळ राहतो. नीट भाजलेली पातळ पट्टी वाकवली तर लवते. योग्य तापमानात जास्त वेळ ठेवल्याने सहसा बिघडत नाही, चुकीच्या तापमानात पाच मिनिटंही पुष्कळ होतात. ओव्हनमधून काढल्यावर जनावर मऊ लागतं म्हणून घाबरून परत आत ढकलू नका; ते थंड होताना कडक होतं. आणि धूर दिसला, घशाला झोंबणारा वास आला, तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीतून बाहेर पडा. करपलेलं पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडतं आणि तो वायू अंगावर घेण्यासारखा नाही.

मातीला मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांवर मागे बरीच चर्चा झाली. त्यांतल्या काही थॅलेटांवर युरोपीय संघाने 2005 मध्ये खेळण्यांपुरती बंदी आणली आणि मोठ्या कंपन्यांनी आपली सूत्रं बदलली. तरी ही वस्तू तोंडात घालायची नाही, तिच्यावर अन्न ठेवायचं नाही आणि सगळं तोंडात घालणाऱ्या वयाच्या बाळाच्या हाती द्यायची नाही. आठ-दहा वर्षांची मुलं ती मजेत हाताळतात; ओव्हन मोठ्या माणसाने लावावा.

तिचं प्लास्टिक असणं हा माझ्या दृष्टीने नुसता रसायनशास्त्राचा मुद्दा नाही. कुंभाराचा बैल पोळा झाला की पाण्यात जातो आणि पुन्हा माती होतो. पॉलिमर क्लेचा बैल कुठेही जात नाही. म्हणून विसर्जन करायचा गणपती या मातीचा करू नये, कितीही सुबक होत असला तरी. त्यासाठी शाडू आहे. सणाला वाटायला डझनांनी किचेनचे हत्ती करणंही मला पटत नाही. ही माती त्या वस्तूंसाठी आहे ज्या ठेवायच्या आहेत. उरलेले तुकडे टाकू नका, रंग मिसळून गेले असले तरी फांदीच्या किंवा तळाच्या आत ते चालतात. आणि एखादं जनावर भाजण्याआधीच मनाला पटत नसेल तर ते मोडून गोळा करा. कच्च्या मातीला मोडण्याची मुभा आहे, भाजल्यावर ती संपते. ओव्हनचं बटण फिरवण्याआधी एक रात्र थांबावं, हा माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

पुस्तकातले धडे क्रमानेच करावेत असं नाही, पण झोपलेलं मांजर वगळू नका. प्रत्येक धड्यात आधी फक्त ढबीचं चित्र दिलं आहे, काळं भरलेलं, आत एकही रेघ नसलेलं. तुमचं जनावर त्या टप्प्याला आलं की दिव्यासमोर धरून भिंतीवर त्याची सावली पाडा आणि घरातल्या कुणालाही विचारा, हे काय आहे. उत्तर बरोबर आलं तरच पान उलटा. चुकीचं आलं तर पुढच्या पानांवरचे डोळे आणि केस तुम्हाला वाचवणार नाहीत. सांगणारा माणूस शक्यतो स्पष्टवक्ता निवडा. आई-वडील या कामाला उपयोगाचे नाहीत, त्यांना सगळंच छान दिसतं. लहान भावंडं उत्तम.

सुरुवातीला मोठा संच घेऊ नका. एक पांढरं, एक काळं, एक तपकिरी आणि एक पिवळट पाकीट, ओव्हनचा थर्मामीटर, एक टाइल, एक बोथट सुई आणि पटवेकऱ्याकडचे चार मणी एवढ्यावर पहिले तीन धडे होतात. दुकानात पाकीट बाहेरून दाबून बघा, बोटाखाली दबलं पाहिजे. दगडासारखं लागलं तर दुसरं मागा. आणि घरपोच मागवणार असाल तर एप्रिल-मे सोडून मागवा. तापलेल्या गोदामात आणि गाडीत पडून राहिलेली माती वाटेतच निम्मी भाजून येते आणि दुकानदार ती परत घेत नाही.